ओटीपी आला का?

१२ जुलै २०२४, अकोला

आज मशीन आलं. बारा सुयांचं, कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन. हमालांनी समोरच्या खोलीत आणताना दाराची चौकट खरवडली तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "घर पाडता का काय बाप्पा!" सोफा मागच्या खोलीत गेला. आता पाहुणे आले तर मशीनपाशी उभे राहतील.

जोडणीला अमरावतीच्या डीलरकडून देवीदास म्हणून इंजिनिअर आले होते. पन्नाशीचे, शांत. कागदावरचं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, मग कुठे कोणता टाका, कोणत्या दिशेनं, किती दाट, हे एकेक ठरवत जायचं. याला पंचिंग म्हणतात. मला वाटलं होतं कॉम्प्युटर आपोआप करत असेल. ते म्हणाले, "आपोआपही होते मॅडम, पण मग ते आपोआप झाल्यासारखंच दिसते."

मशीनसाठी पाटल्या माझ्या मोडल्या, बिल नवऱ्याच्या, श्रावण यांच्या नावावर झालं. ते म्हणाले, धंद्याची नोंदणी आणि बँकेचं खातं आधीच त्यांच्या नावानं आहे, उगाच दोन-दोन कशाला. बरोबरच आहे. मला कागदपत्रांचा कंटाळा. चित्रकलेच्या डिप्लोम्याचं सर्टिफिकेटसुद्धा मला अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी मशीनला हळदकुंकू लावलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात पाळणा तं हालला नाही. आता ह्या मशिनीलेच जोजव, पौर्णिमा." मी ऐकून घेतलं. आजचा दिवस मला खराब करून घ्यायचा नव्हता.

२१ जुलै

पळस झाला! माझं पहिलं स्वतःचं डिझाइन.

मार्चमध्ये मेळघाटात सेमाडोहला गेलो होतो. जीपमधले सगळे वाघ शोधत होते आणि मी वहीत पळस काढत होते. काळ्या मखमली देठातून निघालेली ती पोपटाच्या चोचीसारखी पाकळी तेव्हाच डोक्यात बसली होती. ब्लाउजच्या पाठीवर एकच डहाळी, डाव्या खांद्यावरून खाली उतरणारी.

आधी कापडाला चुण्याच पडत होत्या. तुकडे वाया गेले. मग लक्षात आलं की देठाकडून टोकाकडे भरत गेलं की टाका कापड पुढे ढकलतो. उलट केलं, टोकाकडून देठाकडे, आणि खाली आधाराचा आडवा टाका टाकला. कापड गप्प बसलं.

आशाबाई कौलखेडहून येतात, कापड फ्रेमवर ताणायला आणि धागे कापायला. आयुष्य शिवणकामात गेलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. आज म्हणाल्या, "ताई, हे तं झाडावरून तोडून आणल्यावानी दिसते."

श्रावण यांनी खूप फोटो काढले, जवळून, लांबून, उलट्या बाजूनेही. माझ्या कामात त्यांना एवढा रस कधी नव्हता. बरं वाटलं.

९ ऑगस्ट

माझा पळस गांधी रोडवरच्या एका दुकानात टांगलेला आहे. मी डोळ्यांनी पाहिला. रंग बदललाय, पण डहाळीचं वळण माझं, आणि शेवटच्या कळीत माझी एक चूक राहिली होती, तीसुद्धा तशीच. मागच्या महिन्यात मशीन बंद पडलं तेव्हा दुसऱ्या कारखान्यात पेनड्राइव्ह नेऊन काही पीस करून घेतले होते. तिथूनच गेलं.

रडले, चिडले, मग देवीदासांना फोन केला. त्यांनी सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये "संरक्षित" म्हणून सोय आहे. एकदा ती चालू केली की फाइल कोणी नेली तरी उघडत नाही. फक्त आपल्या खात्यावर नोंदवलेल्या मशीनवरच चालते. शिवाय डिझाइन कंपनीकडे नोंदलं जातं. कोणी नक्कल काढायला बसलं तर त्याचं सॉफ्टवेअरच त्याला अडवतं. मी म्हटलं, आजच्या आज करा.

खातं श्रावण यांनी उघडलं. "माहाच नंबर टाकतो. तू फोन कुठी ठेवतं ते तुलेच माईत नसते." खरंच आहे, मी हसले. शेवटी स्क्रीनवर विचारणा आली की एकदा दिलेलं संरक्षण काढता येणार नाही, पुढे जायचं का. "हो" मीच दाबलं. जोरात दाबलं. आता या घरातलं काही कोणी नेऊ शकणार नाही.

२८ ऑगस्ट

रोज सकाळी सॉफ्टवेअर उघडताना यांच्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो सांगितला की काम सुरू. बियाणे कंपनीची फिरती असल्यामुळे हे घरी कमी असतात, आणि हल्ली अमरावतीकडेच जास्त जातात.

आज फोन उचलला नाही. मेसेज टाकला, "ओटीपी आला का?" पुन्हा टाकला. समोर डाबकी रोडची बाई ब्लाउज घेऊन बसलेली. तिला चहा दिला, मग पोहे दिले. शेवटी ती म्हणाली, तुमचं मशीन बिघडलं असेल तर मी दुसरीकडे जाते. मी म्हटलं, मशीन ठीक आहे. पुढे काय सांगणार होते?

आशाबाई म्हणाल्या, "म्हंजे ताई, कपाट तुमचं अन् किल्ली दादाच्या खिशात."

"घरातच आहे ना किल्ली."

"दादा घरात हायेत कुठी?"

लागट बोलतात या कधीकधी. यांनी दुपारी फोन केला, गाडीवर होतो म्हणाले. गाडीवर असताना फोन कसा उचलणार?

१५ सप्टेंबर

सासूबाई काल अमरावतीला भाच्याकडे सत्यनारायणाला गेल्या होत्या, श्रावण यांच्यासोबत. मला म्हणाल्या, तू काम कर. गणपतीत ऑर्डरी होत्याच. पळसाचं ब्लाउज घालून गेल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही, पण मनातून फार आनंद झाला. आल्यावर सांगत होत्या, "सगळ्या बायका विचारत होत्या, हे इथंच बनते काय म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? हो म्हटलं."

मी म्हटलं, "आई, तिथं नाही, अकोल्याला बनते असं सांगायचं ना. एखादी ऑर्डर आली असती." त्यांनी तोंड फिरवलं आणि प्रसादाचा डबा माझ्या हातात दिला. पेढे होते. सत्यनारायणाला पेढे? भाच्याकडे पैसा वाढलेला दिसतो.

आज सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात "नोंदवलेली मशीन: दोन" असं दिसलं. देवीदासांना विचारलं. ते जरा अडखळले, म्हणाले, "टेस्टिंगचं असंन मॅडम." असेल. या कंपन्या काय काय जोडून ठेवतात.

१४ ऑक्टोबर, चांदूर रेल्वे

दसऱ्याला माहेरी आले. प्राजक्ताचं लग्न ठरलं! माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी, मीच कडेवर वागवलेली. मुलगा अमरावतीचा, बँकेत आहे. लग्न फेब्रुवारीत.

सकाळी बाबांसोबत वावरात गेले. कापूस फुलावर आहे. लोकांना बोंड तेवढं माहीत असतं, फूल कोणी पाहत नाही. पहिल्या दिवशी पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्याच झाडावर शेजारी शेजारी. मी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून वही भरवली. बाबा म्हणाले, "हे काय काढून राहिली? गुलाब काढ ना एखादा." बाबांनी आयुष्यभर कापूस पिकवला, पण त्याचं फूल काढण्यासारखं असतं हे त्यांना पटलं नाही.

प्राजक्ताच्या शालूला काठ करायचा ठरवला. एका टोकाला पिवळी फुलं, पदराकडे जाता जाता गुलाबी होत जाणारी. तिला म्हटलं, "हा काठ जगात फक्त तुझ्या अंगावर दिसेल. मशीनला कुलूप आहे, कोणी करू म्हटलं तरी होणार नाही." ती गळ्यात पडली.

२४ नोव्हेंबर, अकोला

काठ झाला. एवढं बारीक काम मी आजवर केलं नव्हतं. पिवळ्याचा गुलाबी होताना मधे तिसराच एक रंग लागतो, तो सापडेपर्यंत जीव गेला. फाइलला नाव दिलं "प्राजक्ता". संरक्षित केली.

श्रावण यांनी आज ओटीपी लगेच दिला. फोनवर विचारत होते, "झालं का? आता काही बदल नाही ना?" नाही म्हटलं. "मस्त," म्हणाले. माझ्या बहिणीच्या लग्नाची त्यांना माझ्याइतकीच हौस आहे.

९ डिसेंबर

प्राजक्ताचा फोन. आधी बोलेचना.

"ताई, मले सांगायचं तरी होतं तू इकून राहिली म्हणून."

"काय?"

ती सासरच्या बायकांसोबत अमरावतीत खरेदीला गेली होती. एका दुकानाच्या काचेत तिचा काठ. तिचाच, पिवळ्याचा गुलाबी होणारा. तिची नणंद म्हणाली, अगं वहिनी, तुझी बहीण जो काढून देणार आहे तो हाच का? मग त्यांच्यातल्या तिघींनी तो काठ घेतला.

मी म्हटलं, शक्य नाही. फाइल बाहेर चालत नाही. तिनं दुकानाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. "पौर्णिमा कलेक्शन."

१० डिसेंबर

सकाळच्या एसटीनं अमरावती. राजापेठेपासून चालत गेले. पाटी मोठी आहे, माझ्या नावाभोवती माझा पळस.

आत माझ्यासारखंच मशीन चालू होतं. काउंटरच्या मुलीनं मला काठ दाखवला. मी विचारलं, हे कोण काढतं? "सरांचं स्वतःचं डिझाइन आहे मॅडम. कंपनीकडे रजिस्टर आहे, दुसरीकडे मिळणार नाही."

"कोण सर?"

"श्रावण सर."

मी काठावर बोट फिरवलं. मधला तो तिसरा रंग बरोबर होता. तिथं उभं राहून माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, रंग बरोबर लागलाय. मग काउंटरला टेकले. मुलीनं स्टूल दिलं.

देवीदास तिथून जवळच डीलरच्या ऑफिसात बसतात, तिथं गेले. त्यांनी पाणी पुढे केलं, माझ्याकडे पाहिलं नाही. सप्टेंबरात दुकानातलं ते मशीन त्यांनीच बसवलं होतं. "दादा म्हणाले, मॅडमले सरप्राइज द्याचं हाय. म्या म्हटलं, आपल्याले काय."

सत्यनारायण नव्हता तर. पेढे दुकानाच्या उद्घाटनाचे होते.

११ डिसेंबर

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

श्रावण म्हणाला, "कावून एवढी तणतण करून राहिली? तुह्याच नावानं तं काढलं दुकान."

मी म्हटलं, "मला न सांगता?"

"सांगतलं असतं तं तू काय केलं असतं? हे नको, ते नको. तुले डिझाइन काढता येते, धंदा येत नाही."

"प्राजक्ताचा काठ फक्त तिचा होता."

"साळीच्या लग्नात नेसून झाला की कपाटातच जाणार होता ना? त्यापेक्षा पन्नास बायका नेसतीन. तुह्या कलेची इज्जत वाढून राहिली, अन् तू रडून राहिली."

सासूबाई मधे पडल्या. "नवरा-बायकोत माहं-तुहं काय असते व? माह्या पोरानं काय दुसरी आणली काय?"

मी म्हटलं, माझ्या फाइली मला मोकळ्या करून द्या, खातं माझ्या नावावर करा. तो हसला. रागानं नाही, लहान मुलाला हसतात तसा. म्हणाला, "संरक्षण काढता येत नाही. हो तं तूच दाबलं होतं."

एक बॅग भरली आणि चांदूरला निघाले. आशाबाईंना फोन केला तर त्या नुसतं "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं, किल्ली ज्याच्या खिशात त्याचंच कपाट, हे तुमाले माईत असंन ताई. कोण्या बाईले माईत नसते?" मला नव्हतं.

१४ डिसेंबर, चांदूर रेल्वे

सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मोबाईलवरही आहे, निदान डिझाइन पाहता येतात. आज उघडायला गेले. "आपला प्रवेश खातेधारकाने थांबवला आहे."

पळस दिसत नाही. कापूस नाही, तुरीच्या शेंगांची बाही नाही, अर्धवट सोडलेली ज्वारीची कणसंही नाहीत. वही अकोल्याला मशीनच्या ड्रॉवरमध्ये राहिली.

देवीदासांना फोन केला. "काढलं मी आहे. तुम्ही मला शिकवलंत. तुम्हाला माहीत आहे."

"मले माईत हाय मॅडम. पण सॉफ्टवेअरले हात नाही दिसत, खातं दिसते. खातं दादाचं. मी लिहून देलं तरी कंपनी खातेधारकालेच विचारते."

"आणि खातेधारक नाही म्हणाला तर?"

"तब्येतीले जपा मॅडम," ते म्हणाले. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांचा मला सध्या काही उपयोग नाही.

२२ डिसेंबर

बाबांना वाटतं मी लग्नघरात अपशकुन करते आहे. "जावयानं दुकानाले तुहं नाव देलं. माह्या नावाचं तं वावरावर बोर्डही नाही. अजून काय पायजे तुले?" मी समजावायला गेले. कुलूप, खातं, ओटीपी. बाबांनी अर्धं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे त्यानं मारलं-गिरलं काय?" नाही म्हटलं. "मंग?" म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

प्राजक्ताला म्हटलं, हातानं करून देते नवा काठ, दुसरा. ती म्हणाली, "नको ताई. आता तुह्या हातचं काही नेसलं की ते विचारतीन कुठून घेतलं म्हणून." वाईट बोलायचं नव्हतं तिला. म्हणूनच जास्त लागलं.

३ फेब्रुवारी २०२५

लग्न झालं. प्राजक्ता साध्या जरीकाठात सुंदर दिसत होती.

श्रावण आला, कोट घालून, सासूबाईंना घेऊन. सगळ्यांशी हसून बोलला. माझ्याशीही. "कशी हाय?" म्हणाला, जशी मी चार दिवस पाहुणी आले आहे. बाबांनी त्याला फेटा बांधला.

जेवणाआधी त्यानं मुलाकडच्या सगळ्या बायकांना एकेक डबा दिला. उघडला तर ब्लाउजपीस, पाठीवर पळस. बायका कापड उजेडाकडे धरून पाहत होत्या. "जावई मोठे हौशी आहेत हो!" नवरदेवाच्या मावशीनं पाकळीवर हात फिरवून विचारलं, "हे तुमच्या मिस्टरांचं काम का? आणि तुम्ही? तुम्ही पण काही करता का?"

"नाही," म्हटलं.

का म्हटलं, मला माहीत नाही. हो म्हटलं असतं तर दाखवायला माझ्याकडे काय होतं?

मलाही एक डबा मिळाला. तो मंडपात खुर्चीवर ठेवून आले.

८ मार्च, अकोट

साधनाकडे आले त्याला काही आठवडे झाले. साधना माझ्यासोबत चित्रकलेच्या डिप्लोम्याला होती, अकोटला तिचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, खातंही तिच्याच नावावर. "माह्याकडे बस, काढ, आपण मिळून करू," म्हणाली. तिच्या खोलीत खिडकीपाशी मला टेबल दिलं. इतक्या दिवसांनी झोप लागली.

नवीन काही काढण्याआधी हात मोकळा करावा म्हणून पळस पुन्हा काढला. वही नाही, फाइल नाही, नुसत्या आठवणीतून. सकाळी बसले ते जेवायलाही उठले नाही. एकेक पाकळी टोकाकडून देठाकडे. मागची चूक राहिलेली कळी या वेळी सुधारली. पहिल्यापेक्षा चांगला झाला, खोटं कशाला सांगू.

साधनानं टाके तयार करायला बटण दाबलं.

"हे डिझाइन अन्य ग्राहकाच्या संरक्षित डिझाइनशी जुळते. टाके तयार करता येणार नाहीत. असा प्रयत्न पुन्हा झाल्यास आपले खाते बंद होऊ शकते."

आम्ही दोघी वाचत राहिलो. मी डहाळी उलटी फिरवली, उजव्या खांद्यावरून. पुन्हा तेच. दोन पाकळ्या काढल्या. पुन्हा तेच. साधनानं हळूच माझा हात माउसवरून बाजूला केला.

"पौर्णिमा, माहं खातं बंद झालं तं माहे सगळे डिझाइन जातीन गं. इथं चार बाया कामाले हायेत."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गांधी रोडवरच्या ज्या दुकानदारावर मी चिडले होते, त्याला अडवण्यासाठी मी जे कुलूप लावलं, ते त्याला लागलंच नाही, पळस आधीच त्याच्याकडे जाऊन पोचला होता. अडकले ती मी. माझ्याच हाताची नक्कल केली म्हणून माझा हात चोर ठरला.

मग कापसाचं फूल, तूर, ज्वारी, काहीच काढून पाहिलं नाही. कुठे काय अडेल कळत नाही. साधनाच्या खात्याशी मी खेळू शकत नाही.

३० मार्च, अकोला

कौलखेडला आशाबाईंच्या पुढच्या खोलीत राहते. श्रावणनं त्यांना कामावरून काढलं तेव्हापासून त्या घरीच फॉल-पिको करतात. मी हातानं काठ भरते. वेगळी फुलं काढते, मुद्दाम माझ्यासारखी न दिसणारी. गुलाब काढते. लोकांना आवडतात.

वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणाले, चित्र तुम्ही काढलं याचा पुरावा काय? वही, म्हटलं. वही कुठे आहे? मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

१९ एप्रिल

आज फोन आला. श्रावण यांचा.

आधी उचलणार नव्हते. आशाबाई मशीनवर होत्या, त्यांनी मान वर केली. उचलला.

आवाज घाईतला होता. अक्षयतृतीयेच्या लग्नाची मोठी ऑर्डर आहे, कापसाचा काठ पदरभर मोठा करून हवा आहे आणि मोठा केला की सगळं बिघडतं. पाकळ्या उसवल्यासारख्या दिसतात, कापडाला चुण्या पडतात. देवीदासांनी हात टेकले. कामाला ठेवलेल्या दोन मुली रडकुंडीला आल्या आहेत. "तुलेच विचारा लागते म्हटलं. दुसऱ्या कोणाले नाही जमणार ते."

मी हातातली सुई कापडात खोवून ठेवली. मग मला ते डोळ्यांपुढे दिसायला लागलं. चुण्या पडलेलं, टाके लोंबणारं कापसाचं फूल, कोणाच्या तरी पदरावर, भर मंडपात. लोक म्हणतील हे पौर्णिमा कलेक्शनचं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "नुसतं ओढून मोठं करू नका. टाका लांब होतो, म्हणून लोंबतो. लांब टाका मधून तोडायचा."

"थांब, थांब," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू करतो. माह्या डोक्यात नाही राहणार. हां, आता बोल. हळूहळू सांग."

मग मी सांगितलं. आधाराचा टाका आडवा कसा द्यायचा, पाकळी टोकाकडून देठाकडे का भरायची, मोठ्या मापात दाटपणा किती कमी करायचा, पिवळ्यातून गुलाबीत जाताना तो मधला रंग कोणत्या रिळाचा, आणि तो नसेल तर कोणते दोन धागे एका सुईत ओवायचे. कुठे अडलं की ते म्हणायचे, "पुन्हा सांग," आणि मी पुन्हा सांगायची. एकदाही मधे तोडलं नाही त्यांनी. नऊ वर्षांच्या संसारात माझं बोलणं त्यांनी इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं. बोलताना माझे हात हवेत चालत होते, ते मला आशाबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

फोन ठेवल्यावर आशाबाईंनी विचारलं, "सांगतलं सगळं?"

"काम बिघडत होतं आशाबाई."

त्यांनी धागा तोडला. मशीन बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांना नाही कळायचं. त्यांनी दुसऱ्याच्या मापानं कपडे शिवले आयुष्यभर, स्वतःचं काही काढलं नाही. पण श्रावण यांना आता तरी कळलेलं दिसतं की हे कोणाचं आहे. नाहीतर विचारलं असतं का?

उद्या पुन्हा फोन करणार आहेत, पळस आणि तुरीच्या बाहीसाठी. काही राहून जाऊ नये म्हणून आत्ताच बसून सगळं आठवून, ओळीनं लिहून ठेवलं आहे.